फ्लिपरचे धारित्र : नाव, स्थान आणि कार्य

यंत्राच्या एखाद्या भागाचे नाव ठाऊक असणे आणि त्या भागाचे कार्य ठाऊक असणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुरुस्तीच्या व्यवहारात मात्र पहिली गोष्ट पुष्कळदा दुसरीची जागा घेते. छताचा पंखा मंद फिरू लागला की 'कंडेन्सर गेला' असे निदान होते. नवा कंडेन्सर आणून बसविला जातो आणि पंखा पूर्ववत् फिरू लागतो. निदान खरे ठरल्यामुळे कंडेन्सर तेथे नेमके काय करीत होता हा प्रश्न उपस्थितच होत नाही. परंतु जेथे केवळ नावावरून निदान करता येत नाही, आणि तसे ते केल्यास यंत्राचा महत्त्वाचा भाग जळण्याची पाळी येते, अशीही स्थळे आहेत. अमेरिकेत विकसित झालेल्या पिनबॉल या खेळयंत्राचा फ्लिपर हे त्यांपैकी एक. त्यातील धारित्राचे कार्य समजावून घेणे आणि ते बदलण्याची योग्य रीत पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. संज्ञेसंबंधी

दोन धातुपृष्ठे आणि त्यांच्यामध्ये विद्युत्-निरोधक पदार्थाचा पातळ थर, एवढीच धारित्राची मूळ रचना. १७४५-४६ मध्ये क्लाइस्ट आणि मुशेनब्रूक यांनी स्वतंत्रपणे शोधलेली 'लायडनची बरणी' हे त्याचे आद्य रूप होय. पुढे १७८२ मध्ये व्होल्टाने अशा साधनास 'घनीकारक' या अर्थाची संज्ञा दिली. तिचेच इंग्रजी रूप 'कंडेन्सर'. विद्युत्-भार जणू दाटून साठविला जातो, ही तीमागील कल्पना. विसाव्या शतकात इंग्रजी शास्त्रीय लेखनाने ती संज्ञा मागे सारून 'कपॅसिटर' ही स्वीकारली. मराठी पारिभाषिक लेखनात 'धारित्र' हा शब्द रूढ झाला.

बोलभाषेत मात्र 'कंडेन्सर' टिकून राहिला, आणि आज तो एकाहून अधिक वस्तूंना लावला जातो. पंख्याचा कंडेन्सर हे धारित्र आहे. जुन्या स्कूटरच्या पॉइंटांशेजारचा कंडेन्सर हेही धारित्रच आहे. परंतु शीतकपाटाच्या पाठीमागील कंडेन्सर म्हणजे वायूचे द्रवात रूपांतर करणाऱ्या नळ्यांची मालिका असून तिचा विद्युत्-भाराशी काहीही संबंध नाही. पंखा आणि स्कूटर यांतील वस्तू एकाच जातीची असली तरी तिचे कार्य एक नाही. पंख्यातील धारित्र दोन गुंडाळ्यांतील प्रवाहांमध्ये कलेचा फरक उत्पन्न करून पंखा फिरविण्यास साहाय्य करते. स्कूटरमधील धारित्र पॉइंट उघडताना होणारी ठिणगी आवरते. शब्दाचा अर्थ जसा वाक्यातील स्थानावरून निश्चित करावा लागतो, तद्वत धारित्राचे कार्य विद्युत्-मंडलातील त्याच्या स्थानावरून निश्चित करावे लागते. हा मुद्दा पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

२. फ्लिपरची रचना

पिनबॉलच्या यंत्रात काचेखाली एक उतरती फळी असते. तिच्यावरून सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा व ८० ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा घरंगळत खाली येतो. फळीच्या तळाशी बसविलेल्या दोन आखूड दांड्या पेटीच्या बाजूंवरील बटणे दाबताच झटक्याने वर उसळतात आणि गोळ्यास पुन्हा वर फेकतात. या दांड्यांना फ्लिपर म्हणतात. विद्युत्-शक्तीवर चालणारे फ्लिपर प्रथम १९४७ मध्ये शिकागोच्या गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात आले. हॅरी मॅब्ज हा त्याचा रचनाकार. तोपर्यंत गोळा एकदा सुटला की खेळाडूच्या हाती फारसे काही उरत नसे. फ्लिपरमुळे त्याच्या कौशल्यास वाव मिळाला. फ्लिपर दुबळा पडला की खेळाचा प्राणच जातो, म्हणून या यंत्रांच्या दुरुस्तीत त्याला अग्रस्थान आहे.

फळीच्या खालच्या अंगास प्रत्येक फ्लिपरसाठी तारेचे एक वेटोळे असते. त्यातून विद्युत्प्रवाह सोडला की लोखंडी दट्ट्या आत ओढला जातो आणि त्याला जोडलेली दांडी वर उचलली जाते. येथे रचनाकारापुढे एक पेच उभा राहतो. गोळा जोराने फेकण्यासाठी प्रबळ प्रवाह हवा; परंतु खेळाडू गोळा अडवून धरण्यासाठी बटण कित्येक सेकंद दाबून ठेवू शकतो, आणि तितका वेळ प्रबळ प्रवाह वाहिला तर वेटोळे जळून जाईल. यावर काढलेला तोडगा म्हणजे एकाच वेटोळ्यात दोन गुंडाळ्या घेणे. एक गुंडाळी जाड तारेची, अल्प रोधाची आणि शक्तिमान असते. दुसरी बारीक तारेची, पुष्कळ फेऱ्यांची आणि अधिक रोधाची असते. पहिलीने फटका मारावयाचा आणि दुसरीने केवळ धरून ठेवावयाचे. दट्ट्या पूर्ण आत गेल्यावर हवेची फट नाहीशी होत असल्याने त्याला धरून ठेवण्यास अल्प प्रवाहही पुरतो.

एका गुंडाळीचे काम संपवून दुसरीकडे सोपविण्याचे कार्य एक छोटा स्विच करतो. दांडी वर जाऊन तिचा प्रवास संपण्याच्या बेतात आला की ती यंत्रणाच या स्विचाची पाती एकमेकींपासून दूर ढकलते. इंग्रजीत यास 'एंड ऑफ स्ट्रोक' स्विच म्हणतात. येथे त्यास अंत्य-स्विच म्हणू. दांडी खाली असताना तो बंद, अर्थात् जोडलेला असतो आणि जाड गुंडाळीस प्रवाह मिळतो. दांडी वर पोहोचताच तो उघडतो व जाड गुंडाळी मंडलातून बाहेर पडते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील विल्यम्स कंपनीच्या यंत्रांचे उदाहरण घेतल्यास आकडे पुढीलप्रमाणे येतात. अंकित दाब ५० व्होल्ट. एका प्रचलित वेटोळ्यातील जाड गुंडाळीचा रोध सुमारे ४.७ ओहम व बारीक गुंडाळीचा सुमारे १६० ओहम. दोन्ही गुंडाळ्या समांतर जोडलेल्या. जाड गुंडाळीतून जास्तीत जास्त सुमारे १०.६ अँपिअर प्रवाह जाऊ शकतो, म्हणजे शक्तीचा व्यय ५०० वॉटहून अधिक. बारीक गुंडाळीतून केवळ ०.३ अँपिअर जातो व व्यय सुमारे १६ वॉट होतो. पहिला व्यय सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरताच सोसावयाचा असतो. या दोन अवस्थांमधील सीमारेषा म्हणजे अंत्य-स्विच, आणि या स्विचाच्या दोन टोकांवर, त्यास समांतर, धारित्र जोडलेले असते. त्याची धारिता २.२ मायक्रोफॅरड आणि त्यावर अंकित दाब २५० व्होल्ट असतो.

३. ठिणगी का पडते

वेटोळ्यातील प्रवाहास एक प्रकारचे जडत्व असते. वाहता प्रवाह एकाएकी तोडू गेल्यास वेटोळे स्वतःच दाब उत्पन्न करून तो चालू ठेवण्याचा प्रयत्न करते. हाच स्वयंप्रवर्तनाचा परिणाम होय. अंत्य-स्विचाची पाती विलग होऊ लागतात त्या क्षणी त्यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या शतांशाएवढेच असते. शेवटच्या स्पर्शबिंदूवर सारा प्रवाह एकवटून तेथील धातू वितळतो आणि फटीत प्रज्योत पेटते. अशी प्रज्योत टिकण्यास दहा-पंधरा व्होल्ट इतका अल्प दाबही पुरेसा असतो. प्रत्येक प्रज्योतीबरोबर स्पर्शबिंदूंवरील थोडा धातू उडून जातो, पृष्ठभाग खडबडीत व काळा होतो. यासाठीच हे बिंदू टंगस्टनचे करतात, कारण टंगस्टनचा वितळबिंदू ३,४०० अंश सेल्सिअसच्या वर आहे. तथापि टंगस्टनही कालांतराने झिजतो.

जुन्या यंत्रांत ही अडचण तुलनेने सौम्य होती. त्यांतील वेटोळी बहुधा प्रत्यावर्ती प्रवाहावर चालत, आणि अमेरिकेतील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास १२० वेळा शून्यावर येत असल्याने पेटलेली प्रज्योत आपोआप विझण्यास संधी मिळे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची यंत्रे आली व वेटोळ्यांना एकदिश प्रवाह मिळू लागला. प्रवाहाची दिशा बदलत नसल्याने ही संधी नाहीशी झाली.

झिजलेल्या स्विचाचा परिणाम थेट खेळावर होतो. मळलेल्या बिंदूंचा रोध केवळ १ ओहम झाला असे मानू. जाड गुंडाळीच्या मंडलाचा रोध ४.७ वरून ५.७ ओहम होतो आणि प्रवाह १०.६ वरून सुमारे ८.८ अँपिअरवर येतो. लोह संपृक्त झालेले नसल्यास दट्ट्यावरील ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; म्हणजे प्रवाहात सहाव्या हिश्शाची घट झाली तरी ओढ जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होते. खेळाडूला जाणवते ती एवढीच गोष्ट, की गोळा पूर्वीसारखा वरपर्यंत पोहोचत नाही.

४. धारित्राचे कार्य

स्विच बंद असताना धारित्राची दोन्ही टोके स्विचानेच परस्परांस जोडलेली असल्याने त्यावर दाब नसतो. पाती विलग होऊ लागताच प्रवाहास दुसरी वाट मिळते. तो फटीतून उडी घेण्याऐवजी रिकाम्या धारित्रात शिरतो. धारित्र भरत जाते तसा त्यावरील, अर्थात् फटीवरीलही, दाब वाढत जातो. परंतु तो एकदम न वाढता क्रमाने वाढतो. १० अँपिअर प्रवाह २.२ मायक्रोफॅरड धारित्रात शिरत असता दाब दर मायक्रोसेकंदास सुमारे ४.५ व्होल्टांनी वाढतो. ५० व्होल्टांपर्यंत जाण्यास सुमारे ११ मायक्रोसेकंद लागतात. हा काळ अत्यल्प भासला तरी पाती विलग होण्याच्या आरंभीचा निर्णायक काळ तोच असतो. ठिणगी सर्वस्वी नाहीशी होत नाही, मात्र तिची तीव्रता पुष्कळ कमी होते.

येथे एक शंका रास्त ठरेल. अशा वेटोळ्यांच्या गुंडाळ्यांवर डायोड बसविलेले असतात आणि प्रवाह तुटताना उत्पन्न होणारा दाब आवरणे हेच त्यांचे काम असते. मग धारित्राची आवश्यकता काय? उत्तर काळाच्या क्रमात आहे. स्विचाच्या टोकांवरील दाब पुरवठ्याच्या दाबाहून किंचित् अधिक झाल्यावरच डायोड वाहू लागतो. प्रज्योतीस मात्र दहा-पंधरा व्होल्ट पुरतात. म्हणजे डायोडाचे काम सुरू होण्यापूर्वीच प्रज्योत पेटू शकते, आणि त्या मधल्या अवकाशात स्विचाचे रक्षण करण्यास धारित्राखेरीज कोणी नसते.

ही युक्ती पिनबॉलसाठी निघालेली नव्हे. प्रवर्तन-वेटोळ्यातील खंडकावर धारित्र जोडण्याची कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो याने १८५३ मध्ये मांडली. तीच पुढे मोटारींच्या ज्वलनव्यवस्थेत आली, आणि महाराष्ट्रातील गॅरेजांत जुन्या स्कूटरचे पॉइंट काळे पडले असता पॉइंटांबरोबर कंडेन्सरही बदलण्याची जी रीत होती तिच्या मुळाशीही हेच तत्त्व होते. फ्लिपरचे धारित्र समजावून घेण्यास पंख्याऐवजी स्कूटरचा दाखला जवळचा आहे. मौजेची गोष्ट अशी की छताच्या पंख्यात सामान्यतः आढळणारी २.५ मायक्रोफॅरड धारिता फ्लिपरच्या २.२ मायक्रोफॅरडांच्या अगदी निकट आहे, तर स्कूटरच्या धारित्राची धारिता पाव मायक्रोफॅरडच्या आसपास असते. अंकांचे साम्य पंख्याशी, कार्याचे साम्य स्कूटरशी.

५. दोन प्रकारचे बिघाड

धारित्र दोन प्रकारे निकामी होते, आणि दोहोंची लक्षणे परस्परविरुद्ध असतात.

पहिल्या प्रकारात धारित्र मंडलातून तुटते. फ्लिपरच्या प्रत्येक आघाताने फळी हादरते. त्यामुळे धारित्राची तार डाखाजवळ मोडणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा वेळी फ्लिपर तत्काळ बंद पडत नाही. तो चालतच राहतो, फक्त अंत्य-स्विचावर मोठी निळसर ठिणगी दिसू लागते, आणि काही काळाने बिंदू जळून फटका मंदावतो. पुष्कळ दुरुस्ती करणारे या वेळी बिंदू घासून साफ करतात व काम संपले असे मानतात. कारण कायम असल्याने तोच दोष लवकरच पुन्हा उद्भवतो.

दुसऱ्या प्रकारात आतील निरोधक थर फुटून धारित्राची दोन पृष्ठे परस्परांस भिडतात. हा बिघाड क्वचित् होतो, परंतु तो अधिक भयावह आहे. अंत्य-स्विच उघडला तरी प्रवाहास धारित्रातून अखंड वाट राहते. जाड गुंडाळी मंडलाबाहेर पडतच नाही. फटक्यात काहीही उणे भासत नाही. ठिणगीही दिसत नाही, आणि ठिणगी नसणे हे सुस्थितीचे लक्षण समजले जाते. परंतु खेळाडूने बटण दाबून धरले की ५०० वॉटचा व्यय त्या मुठीएवढ्या वेटोळ्यात होऊ लागतो. वितळतार वेळीच तुटली तर बरे; ती तुटली नाही, अथवा कोणी अधिक क्षमतेची घातलेली असली, तर तारेवरील लेप जळतो, आतील प्लॅस्टिकची नळी वितळते, दट्ट्या अडकून बसतो आणि आगीचा धोका उत्पन्न होतो. जळालेले वेटोळे बदलून धारित्र तसेच ठेवले तर नवे वेटोळेही त्याच मार्गाने जाते.

६. परीक्षा आणि बदल

आरंभी यंत्राची वीज केवळ बटणाने बंद न करता भिंतीवरील जोडणीच काढून टाकावी. पुरवठ्याच्या भागात मोठी विद्युत्-विश्लेषी धारित्रेही असतात आणि त्यांवरील भार वीज बंद केल्यानंतरही काही काळ राहतो. त्यामुळे थोडे थांबून, मीटरने दाब उतरल्याची खात्री करून मगच हात घालावा. ही मोठी धारित्रे नावाने एक असली तरी त्यांचे कार्य पुरवठ्यातील चढउतार सपाट करण्याचे आहे. त्यांचे अंक फ्लिपरच्या धारित्रास लावू नयेत.

धारित्राची परीक्षा ते जागेवर असताना करू नये. अंत्य-स्विच त्यास समांतर असून सामान्य स्थितीत बंद असतो, त्यामुळे मीटर नेहमीच शून्य रोध दाखवितो व उत्तम धारित्रही निकामी ठरते. एक टोक डाखातून सोडवूनच मापन करावे. धारिता २.२ मायक्रोफॅरडच्या जवळपास भरली पाहिजे. केवळ रोध मोजणारा मीटर असल्यास काटा किंवा अंक प्रथम अल्प रोध दाखवून त्वरेने अनंताकडे जावयास हवा. तो शून्यापाशीच स्थिर राहिला तर धारित्र आतून भिडलेले आहे, आणि मुळीच हालला नाही तर बहुधा तुटलेले आहे.

नवे धारित्र निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, ते पॉलिएस्टर अथवा पॉलिप्रॉपिलीन पटलाचे, धन-ऋण भेद नसलेले असावे. विद्युत्-विश्लेषी प्रकारचे नसावे, कारण प्रवाह तुटताना दाब मागेपुढे आंदोलित होऊ शकतो आणि उलट दाब त्या प्रकारास सोसत नाही. दोन, अंकित दाब २५० व्होल्ट वा अधिक असावा. मंडल ५० व्होल्टांचे असता एवढा दाब कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु हा अंक प्रवाह तुटतानाच्या क्षणासाठी आहे, नित्याच्या स्थितीसाठी नव्हे. तीन, धारिता मूळचीच ठेवावी. अधिक धारिता म्हणजे अधिक रक्षण हा समज चुकीचा आहे. भरलेल्या धारित्राच्या टोकांवरील स्विच बंद झाला की सारा साठा स्पर्शबिंदूंतूनच रिता होतो. ५० व्होल्टांवर २.२ मायक्रोफॅरडांत सुमारे २.७५ मिलिजूल ऊर्जा असते व ती बिंदूंना सोसते, परंतु धारिता पुष्कळ वाढविल्यास बिंदू एकमेकांस चिकटण्याचा संभव असतो.

डाख देण्यापूर्वी कोणती तार कोठे होती याची टिपणी करावी. टंगस्टनचे बिंदू बारीक कानसीने सपाट करावेत. फार झिजले असल्यास स्विचच बदलावा. धारित्राच्या तारा आखूड ठेवून ते हादऱ्याने हालणार नाही असे घट्ट बांधावे, आणि उघड्या तारांवर नळी चढवावी. शेवटी दांडी पूर्ण वर असता स्विचाची फट सुमारे दीड ते तीन मिलिमीटर राहील असे पाते वाकवावे. स्विच फार आधी उघडला तर फटका दुबळा होतो. मुळीच उघडला नाही तर परिणाम भिडलेल्या धारित्रासारखाच होतो.

वीज जोडण्यापूर्वी आणखी एक परीक्षा अवश्य करावी. मीटरचे धन टोक डायोडाच्या पट्टीकडील बाजूस, आणि ऋण टोक अंत्य-स्विचापासून बटणाकडे जाणाऱ्या तारेवर लावावे. दांडी खाली असता वरील उदाहरणातील वेटोळे सुमारे साडेचार ओहम दाखवील. आता दांडी हाताने पूर्ण वर उचलावी. रोध एकदम सुमारे १६० ओहमांवर गेला पाहिजे. तो तसा गेला तर स्विच योग्य रीतीने उघडतो, धारित्र आतून भिडलेले नाही आणि बारीक गुंडाळी अखंड आहे. न गेल्यास वीज जोडू नये.

७. जेथे धारित्र नाही

१९९२ च्या 'द अ‍ॅडम्स फॅमिली' या यंत्रापासून विल्यम्स कंपनीच्या रचनेत मूलभूत बदल झाला. दोन्ही गुंडाळ्यांचे नियमन ट्रान्झिस्टरांकडे गेले, आणि दांडी वर पोहोचल्याची सूचना संगणकास देणे एवढेच काम अंत्य-स्विचाकडे उरले. तो आता सामान्य स्थितीत उघडा असतो, त्यातून अत्यल्प प्रवाह जातो आणि त्याचे बिंदू सोन्याचा मुलामा दिलेले असतात. तोडावयाचा प्रबळ प्रवाहच नसल्याने धारित्राचे प्रयोजन संपले. अशा यंत्रात जुन्या सवयीने धारित्र शोधणे व्यर्थ, आणि बिंदू कानसीने घासणे हानिकारक, कारण मुलामा निघून जातो. वस्तूचे नाव तेच, जागा तीच, स्विचही दिसावयास जवळजवळ तसाच. परंतु मंडलातील नाते बदलले आणि त्याबरोबर दुरुस्तीचा नियमही उलटला.

तात्पर्य, 'धारित्र बदलावे' ही सूचना स्वतःपुरती अपूर्ण आहे. कोणत्या दोन बिंदूंमध्ये ते जोडले आहे, त्या बिंदूंमधील दाब केव्हा व किती वाढतो, आणि ते नसते तर काय घडले असते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्या सूचनेस अर्थ प्राप्त होतो. ही उत्तरे ज्याच्यापाशी आहेत त्याला ठिणगी दिसली तरी आणि दिसली नाही तरी दोन्हींचा अर्थ लावता येतो. ज्याच्यापाशी केवळ नाव आहे त्याला ठिणगीचा अभाव ही सुवार्ता वाटेल, आणि त्याच वेळी फळीखाली वेटोळे तापत असेल.